आधी पत्र्याला इचारू

मिस्त्री गाडीच्या मालकाशी कधी आधी बोलत नसत. मालक हसत पुढे यायचा, "जरा बघता का मिस्त्री" म्हणायचा, आणि मिस्त्री त्याला हाताने अलगद बाजूला सारून गाडीकडे जायचे. मधलं बोट दुमडायचं, त्याच्या पेराने पत्र्यावर टकटक करायची आणि मान डावीकडे कलती करून ऐकायचं. बॉनेट, मडगार्ड, दारं, छत. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघतो ना, तसं. मालक मध्येच काही सांगायला लागला, तर तेच बोट वर व्हायचं.

"आधी पत्र्याला इचारू. मग तुमाला."

पत्रा 'टण' म्हणाला तर जिवंत, 'ठप' म्हणाला तर मेलेला, एवढंच त्यांचं शास्त्र. पण ते शास्त्र त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावलं होतं. कलिंगड, आमच्या शाळेची पाण्याची टाकी, लग्नात आंदण आलेलं लोखंडी कपाट, जे दिसेल त्यावर ते पेर वाजायचं. एकदा निवडणुकीतले एक उमेदवार हात जोडून शेडमध्ये आले. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या प्रचाराच्या जीपला टकटक केली आणि वीस कार्यकर्त्यांसमोर सांगितलं, "डाव्या दारात निस्ती लांबी भरल्याली हाय. बाहेरून चकाचक, आतून पोकळ." उमेदवारांना ते जीपबद्दलच वाटलं असावं. कार्यकर्ते मात्र खाली बघून हसत होते.

असा एखादा माणूस तुमच्याही रस्त्यावर असेल, किंवा असायचा. आमचे मिस्त्री सोनईहून घोडेगावकडे जाताना उजव्या हाताला, बाभळीखाली असायचे. तिथे त्यांचं शेड होतं. खरं म्हणजे अर्धं शेड. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचं अर्धं गेलं. लोक म्हणाले, आता गावात आत कुठेतरी जागा बघा. मिस्त्रींनी उरलेल्या अर्ध्याला पुढून पत्रा ठोकला, त्यात दार काढलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसले. तेव्हापासून मोठी गाडी आली की तिचं निम्मं अंग शेडमध्ये आणि निम्मं बाभळीखाली. "ज्ये दुखतंय त्ये आत घ्यायचं," ते म्हणायचे, "बाकीचं खाऊ द्या हवा."

दारावर पाटी होती. शाळेच्या चित्रकलेच्या सरांकडून रंगवून घेतलेली: 'येथे पत्र्याचे काम करून मिळेल. लांबी मिळणार नाही.'

लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्यातले खड्डे बुजवायचा तो पांढरट लगदा. थापायचा, घासायचा, वर रंग मारायचा, की खालचं सगळं पाप झाकलं. गावोगावचे गॅरेजवाले त्यावर जगतात. आमच्या मिस्त्रींचं मात्र त्या लांबीशी भांडण होतं, आणि भांडण म्हणजे साधंसुधं नव्हे, भावकीतलं.

मी त्यांच्याकडे गेलो तो गुन्हेगार म्हणूनच. पण आधी खटला काय होता ते सांगतो.

मी विज्ञानाचा मास्तर. बत्तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झालो आणि सोनईतच राहिलो. चिरंजीव पुण्यात. एका रविवारी त्याचा फोन आला, "बाबा, गाडीला पंधरा वर्षं होतायत. पुन्हा पासिंग करावं लागेल. कशाला त्या भानगडीत पडताय? भंगारात द्या ती, आणि तुम्ही दोघं इकडे या."

ते 'आणि' त्याने इतक्या सहज घातलं, की गाडी आणि आई-बाप एकाच टेम्पोत चढवल्यासारखं मला वाटलं. मी उसळलो. म्हणालो, "गाडी पास झाली तर आम्ही इथेच राहणार. तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही झाली, तर पुढच्या महिन्यात सामान बांधतो." तो म्हणाला, "ठरलं." इतक्या चटकन म्हणाला की मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

त्याचंही अगदी चूक नव्हतं. हिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही. नगरचा डॉक्टर, राहात्याचं लग्नकार्य, तिसगावला हिची बहीण, सगळा संसार त्या एका पांढऱ्या गाडीच्या चार चाकांवर होता. गाडी गेली तर सोनईत आम्ही घराच्या उंबऱ्यापुरतेच उरलो असतो.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "मला विचारलंत?"

"तुला जायचंय पुण्याला?"

"मुळीच नाही. पण विचारलंत का?"

आता डिकी. डिकीला काहीतरी झालंय हे खरं तर लिंबांनी वर्षभर आधी सांगितलं होतं. तिसगावहून हिची बहीण पिशवीभर लिंबं द्यायची. मी ती डिकीत ओतून आणायचो, आणि घरी पोचेपर्यंत ती कमी व्हायची. मी काय केलं असेल? मी मेहुणीवर संशय घेतला. "तुझी बहीण हल्ली हात आखडता घेते," असंही एकदा बोलून गेलो. पुढे पासिंगसाठी म्हणून स्टेपनी उचलली, तेव्हा खालच्या खळग्यात लिंबाएवढी तीन भोकं दिसली आणि भोकांतून आमच्या अंगणातली फरशी दिसली. मेहुणीची मी अजून माफी मागितलेली नाही. हे वाचलं तर मी ती इथेच मागितली असं तिने समजावं.

भोकं बघून मी घाबरलो नाही. मी विज्ञानाचा मास्तर. दुकानातून लांबी आणली, जुन्या धोतराच्या पट्ट्या त्यात भिजवल्या, भोकांवर थापल्या आणि वर रुपेरी रंग मारला. अहाहा! डिकीचा तळ असा चमकायला लागला, की दोन दिवस मी ती उघडी ठेवून शेजाऱ्यांना दाखवत होतो. मग म्हटलं, मडगार्डला एक पोचा आलाय तेवढा काढून घ्यावा. म्हणून हिला घेऊन मिस्त्रींकडे गेलो. पासिंग नऊ दिवसांवर होतं.

मिस्त्रींनी मला बाजूला सारलं. टण, टण, टण करत ते मागे आले आणि डिकी उघडली. तळावर पेर वाजवलं.

ठप.

त्यांनी खिशातून पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्या रुपेरी कलाकृतीत मुठीपर्यंत घुसवला. एवढ्या सहज घुसला की तो माझ्या पोटात गेल्यासारखं झालं.

"ह्ये कोनी केलं?"

"एकाकडून करून घेतलं."

"कोन येक?"

"आहे एक. नगरचा."

"हेच ते नगरचे," ही मागून म्हणाली.

मिस्त्री हसले नाहीत. खाली वाकले, धोतराच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि गंजलेला तळ बोटाने चाचपत वाचायला लागले. हो, वाचायलाच. आपण सातबारा वाचतो तसा. "हितं कडंला युरिया सांडला हुता. गोनी फाटकी हुती. पांढरं खाल्लंय बगा." खरं होतं. "हितं दुधाचा क्यान कलांडला." खरं होतं. मग ते एका लालसर काळ्या डागापाशी थांबले आणि त्यांनी चक्क वास घेतला. "आन ह्ये मिठाच्या बरफाचं पानी. मासळी, सर. धरनावरची."

मित्राच्या मळ्यावर महिन्यातून एकदा मुळा धरणाची मासळी शिजायची. आणायचं काम माझ्याकडे. हिच्या गळ्यात माळ आहे. बारा वर्षं मी ते गुपित पोटात ठेवलं होतं. डिकीने मात्र ते ठेवलं नव्हतं.

"शाळेच्या प्रयोगासाठी आणली असेल," ही शांतपणे म्हणाली. त्यानंतर चार दिवस आमच्या घरी कारल्याची भाजी होती.

"पर एवढ्यानं असा तळ जात न्हाई," मिस्त्री पुटपुटत होते. त्यांनी स्टेपनीचा खळगा खरवडला. "हितं कंपनी चार भोकं देती. रबरी बूच लावून. पानी साचलं तर बूच काडायचा, पानी जातंय. तुमची भोकं कुटं हायती?"

"ती मी बुजवली," मी जरा अभिमानानेच सांगितलं. "गाडी नवी होती तेव्हाच. रस्त्याची धूळ आत यायची. डांबर वितळवून घट्ट बुजवली."

मिस्त्रींनी मान वर केली. "आन पानी? पानी कुटून आलं आत?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हिने सांगून टाकलं, "दसऱ्याला."

त्याचं असं आहे. आमच्या वडिलांचा दंडक होता की खंडेनवमीला अवजार आतून-बाहेरून धुवायचं. वरवर पाणी मारून हळदकुंकू वाहणाऱ्यांना ते आळशी म्हणायचे. आमच्याकडे नांगर नाही, विळा नाही, अवजार म्हणजे ही गाडी. म्हणून मी दरवर्षी स्टेपनी काढायचो, डिकीत दोन बादल्या पाणी ओतायचो, खराट्याने घासायचो, फडक्याने पुसायचो आणि स्टेपनी पुन्हा जागेवर बसवून तिच्यावरसुद्धा झेंडू वाहायचो. पुसून उरलेलं पाणी खळग्यात, वर स्टेपनीचं झाकण, खाली डांबराचे बूच. असे चौदा दसरे.

मिस्त्रींनी हाताचा गंज झटकला. मग म्हणाले, "सर, आटवीला तुमी तीन नळ्यांचं शिकिवता ना?"

शिकवायचो. तीन परीक्षानळ्या, तिन्हींत खिळे. एकीत नुसती कोरडी हवा. दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत पाणी आणि हवा दोन्ही. आठवड्याने तिसरीतलाच खिळा गंजतो. बत्तीस वर्षं मी तो खिळा वर धरून वर्गाला विचारत आलो, "मग काय शिकलो आपण?"

"माझं पोरगं तुमच्याच वर्गात हुतं," मिस्त्री म्हणाले. "घरी यिऊन त्यानं माझ्या डबाभर खिळ्यांचं वाटुळं केलं. त्याला कळलं. त्याचं बगून मला चौथी नापासाला बी कळलं. तुमी कुटं बसला हुता वर्गात?"

बत्तीस वर्षांत कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याने माझी अशी तपासणी घेतली नव्हती.

"मग आता? थोडी चांगल्यातली लांबी..." मी म्हणालो. मिस्त्रींनी नुसतं दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेट्रोलची टाकी उतरवून लांब बाभळीखाली ठेवली, मागचं सीट काढलं आणि कटर लावला. मला वाटलं, तीन लिंबांएवढी भोकं आहेत, तर तीन संत्र्यांएवढं कापतील. ते कापायचे, कडेला पेर वाजवायचे, 'ठप' आलं की मान हलवून आणखी कापायचे. "गंज बगून कापायचं नसतंय, सर. जिता पत्रा लागंस्तवर कापायचं." ताटलीएवढं झालं. परातीएवढं झालं. दुपारपर्यंत मी स्वतः डिकीत उतरून खाली जमिनीवर उभा राहू शकलो असतो.

नेमका त्याच वेळी चिरंजीवाचा व्हिडिओ कॉल आला. काम जोरात चाललंय हे दाखवावं म्हणून मी मोबाईल डिकीकडे फिरवला.

"बाबा, ती शेळी कुठे आहे?"

गाडीखालच्या सावलीत एक शेळी येऊन बसली होती आणि भोकातून तोंड वर काढून आमच्याकडे बघत होती.

"डिकीत," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

तिकडून सुस्कारा आला. "बाबा, पुरे झालं आता. तुमचं वय, गाडीचं वय. कशासाठी हा अट्टाहास? मी इथे खोली रिकामी करून ठेवलीय."

आमच्या पैजेचं हिने मिस्त्रींच्या कानावर घातलंच होतं. त्यांनी कटर खाली ठेवला, हात पॅंटीला पुसला आणि माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"कोन, पुन्याचं का? राम राम. ऐक. माझं पोरगं चाकनला असतंय. त्ये बी मला ह्येच म्हनतंय. शेड मोडा, हिकडं या, खोली हाय. तुमची समद्यांची खोल्या रिकाम्या करून ठिवायची लई घाई. तुज्या बापाची गाडी पास न्हाई झाली, तर मी माझं शेड मोडून चाकनला जातू. त्याला बी सांग. हाय का कबूल?"

तिकडून आवाज आला, "काका, तुम्ही कशाला मध्ये..."

"मी मदी न्हाई. मी डिकीत हाय." आणि त्यांनी मोबाईल मला परत दिला, उलटा.

मी हादरलो. "मिस्त्री, हे काय बोललात? तुमचं शेड कशाला पणाला लावलंत?"

"तुमी घर लावलंय का न्हाई? मंग." आणि कटर सुरू झाला.

आता माझी पुढची करामत सांगतो. सहा दिवस उरले आणि डिकीला तळ नाही. मिस्त्री पुठ्ठा घेऊन बसलेले. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, भोकात बसवून बघायचा, पुन्हा कापायचा. दोन दिवस नुसता पुठ्ठा! त्यात मला एक परिचित भेटला. म्हणाला, अमुक ठिकाणी एक जण चार तासांत करून देतो. जाळी, लांबी, वर काळं डांबर, त्यावर गालिचा. पासिंगला कोण गालिचा उचलून बघतो? त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मी शेडवर गेलो, जमिनीकडे बघत म्हणालो, "मिस्त्री, वेळ कमी आहे. मी गाडी दुसरीकडे नेतो म्हणतो."

ते पुठ्ठ्यावरून मान न काढता म्हणाले, "न्या."

मी उभाच.

"न्या की. टाकी बाबळीखाली हाय, ती बी न्या. शीट आत हाय. तळ भंगाराच्या ढिगात पडलाय, त्यो बी वेचून न्या."

मी हळूच सीटवर जाऊन बसलो, शेडमधल्या. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. आवाज खाली आला होता. "सर, झाकून पास झालात तर पास गालिचा हुतो. तुमी न्हाई. वहिनींना घिऊन तुमी नगरला जानार, तिसगावला जानार. त्यांच्या पाठीमागं त्यो तळ हाय. त्यो मी लांबीचा करू?"

मी जाऊन त्यांच्यासाठी चहा सांगितला.

त्यानंतर मी रोज तिथे बसायला लागलो आणि एका माणसाचे हात बघत राहिलो. पुठ्ठ्यावरून त्यांनी नवा पत्रा कापला. ठोकळ्यावर ठेवून हातोडीने त्याच्या कडा वळवल्या, स्टेपनीचा खळगा ठोकून ठोकून गोल केला. वेल्डिंग एका दमात ओढलं नाही. इथे एक टाका, मग समोरच्या बाजूला एक टाका, मग थांबायचं. "एकाच जागी जाळ दिला की पत्रा पोट काडतो. त्याला दम खाऊ द्यायचा." तो दम खायचा तेवढ्यात मिस्त्री बिडी ओढायचे आणि मी त्यांना विनाकारण धातूंच्या प्रसरणाबद्दल सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तुमाला समदं म्हाईत हाय हो सर. फकस्त गाडीला म्हाईत नव्हतं."

शेवटी लाल रंगाचे दोन हात, सांध्यांना चिकट पट्टी, खालून काळं डांबर. आणि खळग्यात चार भोकं, चार रबरी बूच. वरून मात्र त्यांनी तळ तसाच सोडला. चारी बाजूंनी टाक्यांची ओळ स्पष्ट दिसत होती, गोधडीला मोठं ठिगळ लावावं तशी.

मी म्हणालो, "यावर एक गालिचा टाकू का? बरं दिसेल."

"ठिगळ हाय, ठिगळ दिसू द्या. आपुन काय चोरी केलीय?"

पासिंगच्या दिवशी मिस्त्री स्वतः आले. चाळीस वर्षांत कुणाच्या पासिंगला गेले नव्हते. स्वच्छ पांढरा सदरा, खिशात पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. मैदानात गाड्यांची रांग, ऊन तापलेलं. मीही तयारीत कसूर ठेवली नव्हती. पहाटे उठून गाडी धुतली होती. बाहेरून तर धुतलीच, बॉनेट उघडून आतूनही पाईप मारला होता.

आरटीओचे साहेब आले. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. मग म्हणाले, "हॉर्न वाजवा."

मी बटण दाबलं. पुढून घसा बसलेल्या बेडकासारखा आवाज आला आणि मग तोही थांबला. हॉर्नमध्ये पाणी गेलं होतं.

मिस्त्रींनी डोळे मिटले. "सर, पान्याशी तुमचं काय वैर हाय वो?"

साहेब भले होते. म्हणाले, रांगेतून बाजूला घ्या, हॉर्न वाजला की या. मिस्त्रींनी हॉर्न काढून बॉनेटवर उन्हात ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. अर्धा तास. माझं घर आणि त्यांचं शेड एका वाटीएवढ्या हॉर्नमध्ये वाळत पडलं होतं. मी हॉर्न एकदा उलटा करून ठेवला. मिस्त्री म्हणाले, "चाकनला म्हनं लिफ्ट हाय. चौथा मजला. खाली उतरलं तर बसायला जागा न्हाई." बस, एवढंच.

हॉर्न वाजला. इतका जोरात, की रांगेतले चार जण दचकले.

साहेबांनी डिकी उघडायला लावली. ते टाके बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, एवढं मोठं ठिगळ! झाकायचं तरी. इतकं उघडं काय ठेवलंत?"

मी तोंड उघडणार तोच मिस्त्रींनी मला हाताने बाजूला सारलं, अगदी रोजच्यासारखं. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मूठ साहेबांकडे करून पुढे धरला.

"झाकल्यालं बगून तुमी पास केलं असतं. आता उगडं बगून करा. घाला ह्यो. कुटं बी घाला. गेला तर गाडी हितंच ठिवून आमी दोगं चालत जातू."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टाक्यांकडे. मग खरंच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खळग्यात दाबला. मग कडेला. मग सांध्यावर, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. टोक नुसतं घसरत राहिलं. शेवटी त्यांनी तो उलटा धरला आणि मुठीने तळावर एक टोला दिला.

टण.

मिस्त्रींची मान तेवढी डावीकडे कलली होती.

पाच वर्षांचं पासिंग मिळालं. मी तिथूनच चिरंजीवाला फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. शब्द म्हणजे शब्द. शेळीला विचारलंय म्हणून सांगा." पोरगं माझंच आहे.

चाकणला मिस्त्री तरीही एकदा गेले. नातवाच्या मुंजी-बारशासारखं काही कारण नव्हतं, मुलाने फारच आग्रह केला म्हणून, पाहुणे म्हणून. आठ दिवसांसाठी गेले आणि पाचव्या दिवशी एसटीने परत आले. झालं असं, की तिथे वेळ जाईना म्हणून त्यांनी इमारतीला टकटक करायला सुरुवात केली. जिन्याचे कठडे, गॅलरीची ग्रिल, गच्चीवरच्या टाकीची शिडी. शिडी 'ठप' म्हणाली. हे कमिटीच्या मीटिंगमध्ये जाऊन सांगायला लागले. लोक म्हणाले, काका, नुकताच रंग दिलाय. तर यांनी अध्यक्षांना गच्चीवर नेलं आणि त्यांच्यासमोर शिडीच्या पायरीतून स्क्रू ड्रायव्हर आरपार काढला. मुलगा मला फोनवर म्हणाला, "सर, लोक आभार मानायचे सोडून चिडलेत. म्हणतात, तुमच्या वडिलांनी नवी शिडी खराब केली."

"मग तू काय म्हणालास?"

"मी त्यांना तीन परीक्षानळ्यांचं सांगितलं," तो म्हणाला. त्या दिवशी मला पेन्शन सार्थकी लागल्यासारखी वाटली.

परत आल्यावर मिस्त्री दारावरचा पत्रा पुन्हा ठोकून घट्ट करत होते. मी विचारलं, "कसं आहे चाकण?"

"बरं हाय. पर समदं रंगिवल्यालं हाय."

गेल्या आषाढात मिस्त्री गेले. शेडच्या मागे खाट टाकून दुपारी पडले होते, ते उठले नाहीत. शेडमध्ये एक जीप अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होती, तिच्या दाराचा पुठ्ठा कापून ठेवलेला. तेराव्यानंतर मुलाने मला बोलावलं आणि पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर हातात दिला. म्हणाला, "आमचे दादा म्हणायचे, सरांना याची गरज आहे." शेड त्याने मोडलं नाही. कुलूप लावलंय. पाटी तशीच आहे.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी गाडी धुतली. फक्त बाहेरून. मग हिला म्हटलं, चल, जरा घोडेगावच्या रस्त्याला जाऊन येऊ. ती काही न विचारता परडीतला झेंडू घेऊन बसली. शेडसमोर, बाभळीखाली गाडी लावली, नेहमीसारखी मागची बाजू शेडकडे करून. डिकी उघडली. स्टेपनी उचलताना आता कमरेतून कळ येते, पण उचलली. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खळग्यात, कडेला, सांध्यावर, सगळीकडे दाबून पाहिला. जाईना.

तेवढ्यात चिरंजीवाचा फोन. सणाचा नमस्कार झाला आणि त्याने सहज विचारल्यासारखं केलं, "मग बाबा, अजून तीन वर्षं का?"

"आत्ता तरी तीन," मी म्हणालो. "मग पुन्हा पत्र्याला विचारू."

चारही रबरी बूच काढले. हिने तांब्या पुढे केला. वडिलांचा दंडक मोडायचा नाही म्हणून तेवढा एकच तांब्या मी खळग्यात ओतला. पाणी टाक्यांच्या कडेने गोल फिरलं, भोकांपाशी क्षणभर जमलं आणि चार धारांनी खाली, त्यांच्या त्या तेलाने काळ्या पडलेल्या मातीवर पडायला लागलं. मी मान डावीकडे कलती करून ऐकत राहिलो. शेवटचा थेंब पडेपर्यंत.

मग एकदा फडकं फिरवून हात आत घातला. तळ कोरडा होता.